न्हाणीतला पंखा

मंदाताईच्या घरी मला एका जागी स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही. जेवायला बसले तरी निम्मं जेवण उभ्यानंच व्हायचं. हातात भाकरीचा तुकडा घेऊन मी दारापर्यंत जायचे, अंगणात डोकवायचे, परत यायचे. ताईची सासू गयाबाई म्हणायची, "ह्या पोट्टीच्या पाटाखाली मुंगळे सोडले का वं कोणी?" खरं तर ते घरच बसू देणारं नव्हतं. मागे रेल्वेचा फाटा होता. कोळशाच्या वाघिणी एकमेकींवर आदळल्या की तो आवाज गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत जायचा, आणि आपणही त्याच्यामागे धावावं असं वाटायचं. दुपारच्या सुमाराला खाणीत सुरुंग उडायचा, मांडणीवरची ताटं थरथरायची आणि पाळण्यात झोपलेलं लेकरू दोन्ही हात वर फेकून दचकायचं. दोरीवर टाकलेले कपडे वाळेपर्यंत त्यांच्यावर काळी भुकटी बसायची. मी ते झटकायचे, परत टाकायचे, परत झटकायचे. आज गडचिरोलीच्या माझ्या या घरात दुपारी इतकी शांतता असते की घड्याळाचा आवाज येतो. तरी जेवताना मी अजून दोनदा उठते, आणि सून हसते.

आमचं गाव पोंभुर्ण्याच्या बाजूचं, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला टेकून वसलेलं. बाबा ढिवर. उजाडायच्या आधी तलावात उतरायचे आणि छातीइतक्या पाण्यात उभे राहायचे. जाळं टाकायचं आणि वाट बघायची, परत टाकायचं, परत वाट बघायची. ते वाट बघणं मला लहानपणापासून सोसायचं नाही. आई टोपलीत मासोळी घेऊन बाजाराला निघाली की मी तिच्या पुढे धावत सुटायचे. गावात वीज आली तेव्हा खांबावर चढलेला माणूस मी दिवसभर बघत उभी राहिले. वर चढायचं, खाली उतरायचं, हे गाव झालं की पुढच्या गावाला जायचं, असं काम जगात आहे हे मला त्या दिवशी कळलं. शाळा संपल्यावर मी चंद्रपूरला आयटीआयमध्ये वीजकामाच्या वर्गात नाव घातलं. वर्गात मी एकटीच मुलगी. बाबांनी एवढंच विचारलं, "करंट लागला त?" मी म्हटलं, "तुमच्या तलावात साप नाई का?" ते हसले, आणि हो म्हणाले.

ताईचं सासर चंद्रपुरातच, म्हणून राहायची सोय झाली. घरात माणसं तीन. देवरावभाऊजी खाणीच्या वर्कशॉपमध्ये कामाला होते, अंगानं दांडगे आणि बोलायला कंजूष. त्यांची आई गयाबाई त्यांच्याही वाटचं बोलायची. आणि तिसरी मंदाताई, जिला या दोघांच्या मधे उभं राहून हसायची सवय झाली होती. ताईला दिवस गेले तेव्हा बाळंतपण गावाकडेच करायचं ठरलं होतं. पण पोरगं पोटात आडवं आलं, डॉक्टरांनी शहराबाहेर हलू दिलं नाही. मुलगी झाली. आई येऊन राहिली, पण तिकडे बाबा तापानं पडले आणि तिला परतावं लागलं. बस निघताना खिडकीतून हात काढून मला म्हणाली, "शोभे, आता ताईचं माहेर म्हून तूच हायेस इथी. तिच्याकडे पाह्यजो." मी मान हलवली. एकोणीस वर्षांच्या मुलीनं आपल्या बहिणीचं माहेर कसं व्हायचं ते काही तिनं सांगितलं नाही.

बाळंतिणीच्या घराला एक वास असतो. ओवा निखाऱ्यावर टाकलेला, डिंक तळलेला, लसूण भाजलेला, आणि सगळ्यांच्या तळाशी दुधाचा आंबूस वास. दूध उतरावं म्हणून गयाबाई आईनं पाठवलेल्या सुक्या झिंग्यांचं पातळ कालवण करायची, मऊ भातावर ओतून ताईला भरवायची, आणि उरलेलं मला वाढून म्हणायची, "तूबी खा. बसून खा." तिचं बोलणं खरखरीत असलं तरी हात सढळ होता. तिचे दोन हट्ट मात्र कोणी मोडू शकत नव्हतं. एक, बाळंतिणीला वारा लागता कामा नये. दुसरा, तिची आंघोळ अंग लाल होईपर्यंत कढत पाण्यानं झाली पाहिजे. त्यासाठी ती न्हाणीत कोळशाची शेगडी नेऊन ठेवायची. वर पाण्याचं पातेलं, बाजूला ओव्याची वाटी. दार लावून घ्यायची आणि आधी बाळाला, मग ताईला चोळून, शेकून, न्हाऊ घालायची. चंद्रपुरात कोळशाला कमी नाही, आणि त्या वर्षी थंडीही भलती होती.

ती न्हाणी भाऊजींनी स्वतः बांधली होती. आधी आंघोळीला अंगणात बांबूच्या तट्ट्याचा आडोसा होता. गयाबाईचे गुडघे धरले, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघराला लागून पक्की खोली काढली. तिन्ही बाजूंनी भिंती चिकटलेल्या, म्हणून खिडकी निघाली नाही. मागच्या भिंतीत छताजवळ एक भोक ठेवलं आणि त्यात जुन्या बाजारातून आणलेला लोखंडी पंखा बसवला, आतली दमट हवा बाहेर फेकणारा. त्याला लोक एग्झॉस्ट म्हणतात. पंख्याचं बटण न्हाणीतच, दाराच्या आतल्या बाजूला. पहिला पावसाळाभर तो गरगर चालला. मग एके दिवशी गयाबाईनं बटण बंद करून, पाटावर उभं राहून, ओल्या फडक्यानं त्याची जाळी पुसायला घेतली, आणि पंख्यानं तिला असा झटका दिला की ती पाटावरून खाली आली. त्या दिवसापासून पंखा बंद. थंडी सुरू झाली तशी तिनं जाळीच्या आडून पोत्याचा बोळा कोंबला, काठीनं घट्ट ठोकून. वारा यायची तेवढीच एक वाट होती, तीही गेली.

रविवार होता. माझा वर्ग नव्हता, भाऊजी बाजारात गेले होते. बारसं जवळ आलं होतं. गयाबाई ताईला आणि बाळाला घेऊन न्हाणीत शिरली. मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होते, म्हणजे सूप घेऊन फिरत होते. आतून नेहमीचे आवाज येत होते. तांब्या बादलीला लागल्याचा, पाठीवर हात मारल्याचा, आणि गयाबाईचं अखंड बोलणं, अमकीच्या सुनेला कसं दूध आलं नाही आणि तमकीच्या सुनेची कशी कंबर धरली. बाळ रडत होतं. मी मागच्या दारापर्यंत जाऊन आले. एक मालगाडी गेली. तिचा आवाज संपला, तेव्हा मला जाणवलं की न्हाणीतून काहीच ऐकू येत नाही. पाणी नाही, बोलणं नाही, बाळही नाही.

"ताई?" मी हाक मारली. "गयाबाई, झालं का जी?"

गयाबाई गप्प राहणारी बाई नव्हती. मी दार वाजवलं. आतून कण्हल्यासारखा एक आवाज आला, माणसाचा की भांड्याचा कळेना. सूप टाकून मी खांद्यानं धक्का दिला. दार पत्र्याचं होतं, आतून कडी. पहिल्या धक्क्याला वाकलं, दुसऱ्याला कडीचा खिळा उपटून आला. आतली गरम हवा तोंडावर आली. धूर नव्हता. हे मी पुढे वर्गात शिकवताना तीनतीनदा सांगत असे, की धूर अजिबात नव्हता. शेगडीत कोळसे लालबुंद, सुंदर फुललेले होते. गयाबाई भिंतीला टेकून बसली होती, डोळे अर्धे उघडे, आणि बाळ तिच्या पसरलेल्या पायांवर पडलेलं, ओल्या कापडाच्या घडीसारखं. ताई बादलीवर ओणवी होती.

बाळाला उचलून मी अंगणात पळाले, तुळशीपाशी गोधडीवर ठेवलं, परत आत. ताईला काखेत हात घालून ओढलं. गयाबाई जड बाई, ती हलेना. मी तिच्या पायांना धरून तिला फरशीवरून ओढत स्वयंपाकघरातून बाहेर काढलं, तिचं डोकं उंबऱ्याला लागलं तरी थांबले नाही. तोवर शेजारची बाई माझा ओरडा ऐकून आली आणि तिनं बाळाला उलटं धरून पाठ चोळायला सुरुवात केली होती. बाळ रडत नव्हतं. मी अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते आणि मोठ्यानं म्हणत होते, "रड न वं. रड न वं बाई." ताईनं उलटी केली. गयाबाईनं एक लांब श्वास घेतला. आणि मग बाळ रडलं. आधी मांजराच्या पिल्लासारखं, मग खणखणीत. मी खाली बसले.

डॉक्टरांनी तिघींना तपासलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "शेगडी कुठे होती?" मग भाऊजींना बाजूला घेऊन सांगितलं, की कोंडलेल्या खोलीत कोळसा जळला की त्यातून वायू निघतो, तो दिसत नाही, वास देत नाही, आणि माणूस झोप लागावी तसा जातो. "शेगडी आत पुन्हा न्यायची नाही. आणि त्या खोलीत हवा खेळू द्या," ते म्हणाले. "अजून थोडं थांबला असतात..." भाऊजींचा चेहरा मी त्याआधी तसा पाहिला नव्हता.

शेगडी अंगणात गेली, त्यावर कोणाचं दुमत नव्हतं. पण ताई काही केल्या न्हाणीत पाय टाकीना. अंगणात चादरी बांधून आंघोळ करायची, दात वाजायचे, बाळाला सर्दी झाली. आणि भाऊजी न बोलता सिमेंटची गोणी घेऊन आले.

"हे कायले?" मी विचारलं.

"थे भोक बुजवतो. पंखा काढून फेकतो. त्या पंख्यानं बुढीले झटका दिला म्हून बोळा लागला, अन् बोळा लागला म्हून..." त्यांनी गोणी खाली ठेवली. "म्या माह्या हातानं लावला होता थो. माह्याच हातानं काढतो."

"भाऊजी, भोक बुजवलं त हवा कुठून जाईन? पंखा दुरुस्त करू न आपण. मी करतो."

आमच्याकडे बायासुद्धा 'मी करतो' असंच म्हणतात. पुढे नोकरीत पुण्याकडच्या बायका मला त्यावरून हसायच्या. पण त्या दिवशी भाऊजी हसले ते त्यामुळे नव्हे. "तू अजून शिकून राह्यलीस शोभा," ते म्हणाले, रागानं नाही, दमून. "तुले काही झालं त तुह्या मायले मी काय तोंड दाखवू? एका पंख्यापायी घरातले चार जीव नाई घालवाचे मले."

गयाबाई खाटेवर पडून होती. त्या दिवसापासून ती फार बोलत नव्हती, आणि त्यामुळे घर भकास वाटत होतं. ती उठून बसली. "देवराव," ती म्हणाली, "मी त्या दिवशी बटण बंद केलं होतं. मले चांगलं याद हाये. बंद बटणानं मले फेकलं काऊन? हे पयले सांगा मले कोणी. तुले येते का सांगता?"

भाऊजी गोणीची सुतळी सोडू लागले.

"तुले येते?" तिनं मला विचारलं.

मलाही येत नव्हतं. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात शिरला आणि मग निघाला नाही. वर्गात, बसमध्ये, बाळाचे लंगोट धुताना मी तोच घोळवत राहिले. बटण बंद केलं तर वीज पंख्यापर्यंत जायलाच नको. आमच्या गुरुजींनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की वीज एका तारेनं येते, ती लाल. आणि दुसरीनं परत जाते, ती काळी. बटण आणि फ्यूज नेहमी येणाऱ्या तारेत घालायचे, म्हणजे बंद केलं की वीज दाराबाहेरच अडते. बटण चुकून परतीच्या तारेत घातलं तर पंखा थांबतो खरा, पण वीज पंख्याच्या पोटात येऊन बसलेली असते. मग ओलं फडकं लागलं, आतली तारेची गुंडाळी दमट झालेली असली, की ती पंख्याच्या लोखंडात उतरते. म्हणजे भाऊजींनी तारांची अदलाबदल केली होती. मनातून मी त्यांच्यावर चिडले. एवढा मोठा माणूस, विचारायला काय हरकत होती कोणाला?

बारशाच्या आदल्या दिवशी मी वर्गाला दांडी मारली. भाऊजींनीही रजा काढली होती. अंगणात मंडपाचे बांबू उभे राहत होते, लाऊडस्पीकरवाला कर्णे आणून ठेवत होता. मी ठरवलं होतं की सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे करायचं. स्वयंपाकघरातल्या बोर्डावरून न्हाणीचा फ्यूज ओढून काढला आणि तो ओट्यावर न ठेवता पदराच्या गाठीत बांधला, कोणी सहज म्हणून परत बसवू नये म्हणून. पंख्याला हात लावायच्या आधी टेस्टर चालतो का ते बघायचं होतं. बाकीचे फ्यूज जागेवर होते, म्हणून स्वयंपाकघराच्या प्लगमध्ये घातला. वीज येणारी तार उजव्या छिद्रात असते, तिथे टेस्टरमधला दिवा लागायला हवा. लागला नाही. टेस्टर बिघडला म्हणून मी तो झटकला, मांडीवर आपटला, पुन्हा घातला. नाहीच. जाता जाता डाव्या छिद्रात घातला, आणि टेस्टर लख्ख पेटला.

डाव्या छिद्रात वीज नसते. मग स्टूल घेऊन न्हाणीत गेले, बोळा काढला, पंख्याला न शिवता, कोरड्या हातानं टेस्टरचं टोक फक्त पंख्याच्या जोडाला लावलं. फ्यूज माझ्या पदरात होता. बटण बंद होतं. आणि काळ्या तारेवर टेस्टर पेटला.

मी स्टुलावरून उतरले, बाहेर आले आणि आधी पाणी प्यायले. फ्यूज काढला, आता मोकळं झालं, असं म्हणून हात घातला असता तर काय झालं असतं, हा विचार त्या वेळी केला नाही. तो नंतर कित्येक दिवस, भलत्या वेळी, भाजी चिरताना येत राहिला. मी थेट मीटरच्या बोर्डाकडे गेले आणि झाकण न उघडता बघितलं, बाहेरून घरात येणारी कुठली तार कुठे जाते ते. मग न्हाणीतल्या बटणाकडे. भाऊजींनी बटण बरोबर लाल तारेतच घातलं होतं. चूक त्यांची नव्हती. चूक दाराशीच झाली होती. बाहेरून वीज घेऊन येणारी तार कोणीतरी काळीला जोडली होती आणि परतीची लालला. म्हणजे त्या घरातलं प्रत्येक बटण उलट्या बाजूला होतं, प्रत्येक फ्यूज नावापुरता होता.

"भाऊजी," मी हाक मारली. "बाहेरची तार कधी बदलली होती का?"

ते दारात येऊन उभे राहिले. "दोन उन्हाळ्याआधी वादळात झाड पडलं होतं. लाईन तुटली. एका माणसाले धरून आणून जोडून घेतली, पूर्ण गल्लीनं. काऊन?"

मी त्यांना दाखवलं. टेस्टर त्यांच्या हातात दिला आणि प्लगमध्ये घालायला लावला, आधी उजवीकडे, मग डावीकडे. वर्कशॉपमधला माणूस, त्यांना दोनदा सांगावं लागलं नाही. "तुमचं बटण बराबर होतं," मी म्हटलं. "तुमी लाल तारेतच लावलं होतं. पयलेपासून बराबर होतं."

भाऊजी उंबऱ्यावर बसले. बाळाला घेऊन ताई आतून आली, काय झालं म्हणून. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. "मंदा," ते म्हणाले, "माह्या हातानं नव्हतं झालं थे." ताईनं बाळ माझ्याकडे दिलं आणि ती त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसली. मी बाळाला घेऊन न्हाणीकडे वळले, उगीचच बोळा उचलून ठेवला.

आता फ्यूजवर भागणार नव्हतं. दोन्ही तारा एकदम तोडणारी एकच गोष्ट घरात होती, ती म्हणजे मीटरजवळचा लोखंडी मेन स्विच. त्याचा दांडा खाली ओढला, आणि पंख्याशी, बोर्डावर, प्लगमध्ये दोन्ही तारांवर टेस्टर लावून बघितला, कुठेच पेटला नाही. मग टेस्टर स्वतः शाबूत आहे ना, ते शेजाऱ्यांच्या घरी जाऊन पुन्हा बघून आले. आता घर खरोखर मोकळं होतं. पण कोणीतरी तो दांडा वर केला तर? मंडपात माणसं, येणारे-जाणारे, उद्याचा कार्यक्रम. आमच्या वर्गात कुलूप घालायचं शिकवलं होतं, आणि त्या स्विचला कुलपाचं भोकच नव्हतं.

"मी बसतो इथी," गयाबाई म्हणाली. खाटेवरून उठून, पाट ओढत आणून, ती मेन स्विचच्या बरोबर खाली बसली. ज्या बाईला विजेच्या बटणाला बोटही लावायचं नव्हतं, ती भिंतीला पाठ टेकून बसली आणि हातात लाटणं घेतलं. "जा तू. कर तुह्यं काम."

मी पंखा काढला. भाऊजींनी खालून पेलला. आतली गुंडाळी वाळावी म्हणून तो अंगणात उन्हात ठेवला, आणि तोवर मेन स्विचच्या घराकडच्या बाजूला तारांची अदलाबदल केली, लाल लालच्या जागी, काळी काळीच्या. बाहेरून येणाऱ्या तारांना शिवले नाही, त्या स्विच बंद असला तरी जिवंत असतात. तिथलं काम विजेच्या माणसाला बोलावून करायचं असं भाऊजींशी ठरवलं. पंख्याचं बटण न्हाणीतून काढून बाहेर, स्वयंपाकघराच्या भिंतीवर आणलं. पंख्याच्या लोखंडापासून अंगणातल्या जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या पाइपापर्यंत तिसरी तार ओढली, म्हणजे कधी वीज लोखंडात उतरलीच तर ती माणसाच्या अंगातून न जाता मातीत जाईल. पंखा वाळल्यावर परत चढवला. मी स्टुलावर होते, दोन्ही हातांत उघड्या तारा, दातात पेचकस, तेव्हा बाहेरून लाऊडस्पीकरवाल्याचा आवाज आला.

"बाई, जरा लाईन चालू करा न. स्पीकर चेक कराचा हाये. एक मिनिटाचं काम हाये."

"नाई," गयाबाई म्हणाली.

"अहो एक मिनिट. हा एवढा दांडा वर केला की..."

"माह्या सुनेची बहीण आत तारा धरून उभी हाये," गयाबाईचा आवाज चढला, आणि इतक्या दिवसांनी तो खणखणीत ऐकून मला स्टुलावर हसूच फुटलं. "दांड्याले हात लावशील त बोटं मोडीन तुह्ये. उद्या बारसं बिनस्पीकरचं होईन, नाई तं होणार नाई, पण हा दांडा वर नाई जाणार. बस तिकडे. चहा पिऊन जा."

तो चहा पिऊन गेला. काम संपेपर्यंत ती तिथून उठली नाही. बसून बसून तिचे गुडघे आखडले, भाऊजींना तिला हाताला धरून उभं करावं लागलं. मग मीच दांडा वर केला, फ्यूज पदरातून सोडून बसवला, प्लगच्या उजव्या छिद्रात टेस्टर पेटला. बटण बंद ठेवून पंख्याच्या लोखंडाला टेस्टर लावला, काही नाही. बटण चालू केलं, पंखा खरखरला, अडखळला, आणि फिरायला लागला. लोखंडाला पुन्हा लावला, काही नाही. गयाबाई बाहेरच उभी होती. "आता सांग," ती म्हणाली, "बंद बटणानं मले फेकलं काऊन?" आणि मी तिला सांगितलं. ती सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे माह्यी याद बराबर होती." आणि आत जाऊन भाताला आधण ठेवलं.

बारसं झालं, स्पीकर वाजला, घुगऱ्या वाटल्या. भाऊजी मंडपातच गल्लीतल्या माणसांना बाजूला घेऊन काहीतरी समजावत होते, हातवारे करून, आणि इतकं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं. पुढचे कित्येक दिवस मी वर्ग सुटल्यावर टेस्टर घेऊन त्या गल्लीत घरोघर फिरले. बऱ्याच घरांत डावं छिद्र पेटायचं. त्या फिरण्यात माझ्या पायांना जे हवं होतं ते मिळालं, आणि पुढची तीसेक वर्षं मी तेच करत, तेच शिकवत आले. पण मला जे आठवतं ते त्या फिरण्यातलं नाही.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ताईनं अंगणातल्या चादरी सोडून घडी करून ठेवल्या. शेगडी बाहेर पेटली होती, तिच्यावरचं पाणी भाऊजींनी बादलीत ओतून न्हाणीत नेऊन ठेवलं. गयाबाईनं बाळाला मांडीवर घेतलं आणि कोणी काही बोलायच्या आत ताई एकटीच आत गेली. जाताना तिनं बाहेरचं बटण दाबलं. पंखा सुरू झाला. दार लागलं. मी दाराशी जाऊन उभी राहिले. पाण्याचा आवाज येत होता. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकला. पाण्याचा आवाज थांबला. मी दारावर हात ठेवला. पुन्हा आला. पुन्हा थांबला.

"ताई?"

"काय वं?"

"काही नाई."

थोड्या वेळानं मी पुन्हा म्हटलं, "ताई?"

आतून ताईचं हसणं ऐकू आलं, पंख्याच्या आवाजातूनही, मोठं, मोकळं, लग्नाआधी तलावाच्या पाळीवर हसायची तसं. "शोभे," ती म्हणाली, "तुह्यी बस जाईन वं. जा न आता. मी हावो इथी."

मी दारावरचा हात काढला, दप्तर उचललं आणि बसला पळाले.